कटिंगचे वेगळे

मिंगेलच्या पोराने टेपचं टोक तुळशीपाशी धरलं
आणि मिंगेल मागे मागे सरकत गेला
थेट फणसाच्या मुळापर्यंत.
बावीस बाय सोळा.
तीनशे बावन्न, असं त्यानं तळहातावर लिहिलं,
कागद स्कूटरच्या डिकीत राहिला होता.
‘हा झाला चौरस फुटाचा भाव,’ तो म्हणाला,
‘पण चौरस फूट वरून दिसतो.
पैसा खाली जातो.’

मग त्यानं पहार मारली.
पिकल्या पपईत सुरी जावी तशी गेली.
‘खाजनाकडची माती, भाटकार. बसणार.
नऊ इंच काढायची, खडी भरायची, रोलर फिरवायचा,
वर क्रशरची भुकटी.
काढलेली माती टाकायचे वेगळे.’
मी भाटकार नाही. एकतीस वर्षं
फेरीबोटीवर खलाशी होतो, हे त्यालाही ठाऊक आहे;
दर सांगताना तो सगळ्यांना भाटकार म्हणतो.

‘साठ एमएम माणसाला पुरतो,
ऐंशी गाडीला. गाडी आहे?’
‘चाकं आहेत,’ मी म्हणालो.
त्यानं खिडकीकडे पाहिलं,
आणि पेन्सिल कानामागे खोवली.

चवथीच्या आदल्या दिवशी
माटोळीची सुपारी घेऊन येताना
सत्यवती ह्याच अंगणात शेवाळावरून गेली.
खुबा. बांबोळीला अठरा दिवस.
तेव्हापासून अंगण तिला
खिडकीएवढंच.

उताराचं बोलणं बराच वेळ चाललं.
उतार नसेल तर पाणी घरात,
जास्त असेल तर खुर्ची बांधावर.
मिंगेलनं सुतळी ताणली, लेव्हलची नळी धरली,
एक बोट खाली, अर्धं बोट वर.
शेवटी मीच म्हणालो,
पाणी वाहून जायला हवं,
सत्यवती नको.
तो हसला नाही. लिहून घेतलं.

माल कुंडईहून.
ट्रक जुन्या गोव्याच्या धक्क्यावर येणार,
पुढे दिवाडीला फेरीबोट.
‘जड गाडी, सुकती असली की फळी उभी लागते,
चढत नाही. थांबायला लागतं.
ड्रायव्हरचे, हमालांचे
थांबायचे आठशे धरतो.’

ओहोटीचे आठशे!
मी किती ट्रक थांबवले असतील.
साखळी हातात, तोंडात विडी,
‘पाणी येऊ दे रे’ म्हणत
समोरच्या गाड्यांतून चिरे, सिमेंट, कुणाच्या लग्नाच्या खुर्च्या
उन्हात तापताना बघितल्या.
कुणाच्या बिलात ते ऊन लिहिलं जातंय
हे कधी मनात आलं नाही.
आठशेवर मी घासाघीस केली नाही.

बाकी सगळ्यावर केली.
खडीवर केली, कडेच्या कर्बवर केली,
लाल रंगाचा दर राखाडीपेक्षा जास्त, तर राखाडी.
गदगहून आलेली हणमव्वा आणि तिचा नवरा
दिवसाला काय घेतात ते विचारलं,
आणि मिंगेल त्यांच्या नावावर काय घेतो तेही.
तो खाली बघून टेप गुंडाळत राहिला.

तेवढ्यात खिडकीतून:
‘म्हजी अबोली हालवपाची ना.’
अबोलीचा वाफा गोल,
अंगणाच्या बरोबर मध्ये.
‘बाये, चौकोनी केला तर स्वस्त,’ मिंगेल म्हणाला,
‘गोल म्हटलं की प्रत्येक पेव्हर कापायचा.
अर्धा लागतो, अर्धा फेकायचा,
पैसे अख्ख्याचे. शिवाय
कटिंगचे वेगळे.’
खिडकीतून काहीच आलं नाही.
मी म्हणालो, गोल.

अकरा दिवस गेले. ब्लेड तीन मोडली.
धूळ चहात, भाकरीवर, देवाच्या फोटोवर.
कापलेले अर्धे तुकडे विहिरीशी ठेवलेत,
फेकवत नाहीत.

काल खुर्ची बाहेर काढली.
सांध्यासांध्यांवरून चाकं खडखडत
तिला वाफ्यापर्यंत घेऊन गेली.
वाकली. हात लांबवला.
कर्ब आडवा आला,
फूल चार बोटं राहिलं.

मिंगेलला फोन लावला.
‘कर्ब तिथं पुरून सपाट करता येईल, भाटकार,’ तो म्हणाला,
मागे कुठल्यातरी दुसऱ्या अंगणात ब्लेड किंचाळत होतं,
‘पण वाढीव कामाचे—’
वेगळे, मी म्हणालो.
ये.